मुकी पट्टी

जुने इलेक्ट्रिक पियानो दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात मी बाकावर बसलो होतो. माझ्या आधी विणकामाची पिशवी घेतलेल्या एक बाई होत्या.

"वहिनी, महिन्यात तिसऱ्यांदा तीच पट्टी मुकी?"

"पन्नास वर्षांचं यंत्र आहे हो, चालायचंच."

"यंत्र ठणठणीत आहे. पट्टी दाबली की आत हातोडी सळईवर आपटते आणि सूर निघतो. त्या सळईला हिरवी लोकर गुंडाळलीय."

"असेल कुणाची तरी."

"तुमच्या पिशवीतून डोकावतेय तशीच."

"बरं बाई, माझीच! हे निवृत्त झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ एकच गाणं वाजवतात. कान किटले माझे."

"मग तोंडावर सांगा की."

"सासूबाई बसलेल्या असतात ना! लेकाचं वाजवणं डोळे मिटून ऐकतात. त्यांचं मन कसं मोडू? तुम्हीच यांना सांगा, सुटा भाग मिळत नाही म्हणून."

"सांगतो. पण शेजारच्या सळईला कापूस होता."

"कापूस? शप्पथ, तो माझा नाही!"

"ठाऊक आहे. सासूबाई सकाळीच येऊन गेल्या. म्हणाल्या, सुनेला कळू देऊ नका, तिला नवऱ्याचं वाजवणं फार आवडतं."