मावशीची मंगलाष्टकं आणि माझी मूठ

अरे, उत्रोलीच्या लग्नातली गंमत सांगतो. पार्किन्सन झाल्यापासून मी मागंच उभा राहायचो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थरथरता हात कुणाला दाखवायचा? पण भावकीनं ओढून पुढं नेलं. त्यात सकाळची गोळी राहिलेली. भर दुपारी सगळे भुकेले, आणि नवरदेवाची मावशी स्वतः रचलेली मंगलाष्टकं गातेय, ती काही संपेनात. तेवढ्यात माझा हात असा उडाला की मूठभर अक्षता थेट नवरदेवावर! मागच्यांना वाटलं, लागलं लगीन. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, बँड वाजला, हार पडले. मावशी आ वासून उभी.

मी गुपचूप सटकत होतो, तर चुलतभाऊ आडवा आला.

"दादा, रविवारी माझ्या पोरीचं लगीन हाय. तुमी फुडंच उभं ऱ्हावा. आन त्या दिशी गोळी घिऊ नगा!"