आई जिवंत असताना हक्कसोड

मानाच्या खुर्चीत बसलेले आपले अध्यक्ष जयप्रकाशराव, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेली पाहुणेमंडळी, कोपरखैरण्याच्या या सोसायटीतले लहानथोर, आणि सेक्रेटरीपद सोडून पुण्याला निघालेल्या आपल्या सुनीतीबाई, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी राहीबाई, तळमजल्यावरची. दोन शब्द बोला म्हणालात, पण दोनात माझं काय होतंय? अध्यक्षसाहेब, घड्याळ खिशात ठेवा.

सुनीतीबाईंनी लिफ्ट दुरुस्त केली, टाकी बांधली, ते सगळ्यांनी सांगितलं. माझं घर कसं राखलं, ते मी सांगते.

आमचे हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी. घर घेतलं ते माझ्या नावावर. ते गेल्यावर मी नॉमिनी म्हणून मुलाचं, धनाजीचं नाव दिलं. तो घणसोलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. लेक भाविका नवऱ्याचं घर सोडून आली ती माझ्याजवळच आहे. रबाळ्याच्या कंपनीत जाते, माझं औषधपाणी बघते.

गेल्या भाऊबीजेला धनाजीनं तिला भारी साडी आणली. घडी उलगडली तर खाली कागद. हक्कसोडपत्र! आमच्या साताऱ्याकडं पद्धतच हाय ती. बहिणीनं साडीचोळी घ्यायची आणि भावाला हक्क सोडून द्यायचा. भाविका म्हणाली, “करते सही. माहेर तुटाय नको.”

मी म्हटलं, “आगं, माहेरातच राहतीस तू. उद्या यानं कुलूप लावलं तर झोपशील कुठं?”

कागद उचलला आणि थेट सुनीतीबाईंचं दार वाजवलं. त्यांनी वाचला आणि मला विचारलं, “आजी, तुम्ही जिवंत आहात ना?”

“दिसते तशी हाय.”

“मग भाविका कसला हक्क सोडतेय? घर तुमचं. तुम्ही असेपर्यंत तिच्याकडे वारसा आलेलाच नाही!”

धनाजी मागून आला होता. म्हणाला, “पण नॉमिनी मी आहे.” बाई म्हणाल्या, “नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, धनाजीराव. आजींच्या मागं घर ज्यांचं, त्यांच्या हाती नीट सोपवणारा माणूस.” चहात मीठ पडल्यागत त्याचं तोंड झालं!

मी म्हटलं, मग मृत्युपत्र करू? त्या म्हणाल्या, करा की, पण मागं कुणी खोटं म्हणालं तर कोर्टात जाऊन ते खरं ठरवून घ्यावं लागेल. त्याला प्रोबेट म्हणतात. भाविकानं कामावर जायचं का कोर्टात? जिवंतपणी बक्षीसपत्र केलं तर ती भानगडच नाही. पण मग घर आजच तिचं. “आजी, उद्या तिनंच बाहेर काढलं तर?”

खरं सांगते, रात्रभर डोळा लागला नाही. लेक माझी, पण माणूसच की ती! शेवटी बाईंनी वकिलाकडून दस्तात लिहून घेतलं, की मी मरेपर्यंत त्याच घरात राहणार.

गेल्या सोमवारी बक्षीसपत्र रजिस्टर झालं! तिथल्या साहेबांनी विचारलं, “आजी, कुणाचा दबाव?” म्हटलं, “होता, मुलाचा. म्हणून तर आले.” भाविका सही करताना रडत होती. मी म्हटलं, पुस डोळे, शाई पसरंल.

धनाजी, उठू नकोस. मागच्या रांगेत बसलायस, मला दिसतोयस. तुला आत्ताच कळतंय, मला ठाऊक हाय. घरी सांगितलं असतं तर तू ओरडला असतास, म्हणून इथं बोलावलं. इथं एवढ्या लोकांत ओरडून दाखव. साडी बहिणीनं ठेवलीय, भाऊबीजेची म्हणून. पुढच्या वर्षी नुसती साडी आण आणि पोटभर जेवून जा.

सुनीतीबाई, तुमचे उपकार. मंडळी, तुमचेही आभार, शांत बसलात. म्हातारीच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सोडून द्या. दस्तात काही चुकलेलं नाही, तो बाईंनी दोनदा वाचलाय.