खुर्च्या कमी पडल्या

(रविवारची सकाळ. डोंबिवली पूर्वेतलं एक जुनं सार्वजनिक वाचनालय. हॉलमध्ये वार्षिक सभा भरायची आहे. आतल्या 'स्थानिक ग्रंथ' खोलीत निवृत्त सूचीकार हरिहर पुस्तकं खोक्यांत भरताहेत. ग्रंथपाल संचिता दारात उभी.)

संचिता : काका, ठेवा ते खाली. ही खोली अभ्यासिकेला द्यायचा ठराव अजून पास नाही झालाय.

हरिहर : होईल. दरवर्षी सगळेच ठराव होतात. तू सुतळी दे.

संचिता : नाही देणार.

हरिहर : मग चिकटपट्टी दे. ही पुस्तकं वागळे इस्टेटच्या त्या गोडाऊनमध्ये जायचीच आहेत, तर निदान माझ्या हातांनी बांधलेली जाऊ देत. हमाल लोक कोंबून भरतात, पुठ्ठे मोडतात. आणि एकदा गोडाऊनमध्ये गेलेलं पुस्तक परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

संचिता : म्हणून म्हणते सभेला चला. उभे राहा, बोला. तुम्ही पण सभासद आहात ना?

हरिहर : बोलू कुणापुढे? समिती आणि वर दोन-तीन म्हातारे. सभेची नोटीस वाचलीस का तू? 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही.' हे वाक्य मी माझ्या मुंजीपासून वाचतोय. माणसं येत नाहीत, सभा तहकूब होते, सगळे चहा पितात. चहा संपला की ठराव एकमताने मंजूर! आपल्याकडची लोकशाही चहाच्या एका कपात उरकते.

संचिता : ह्या वेळी नसेल तसं.

हरिहर : का? ह्या वेळी कॉफी आहे?

मुकुल : येऊ का आत? काका, इथे दोन खुर्च्या असतात ना? घेऊन जाऊ?

हरिहर : या, कार्यवाह. एकीवर मी बसलोय.

मुकुल : आणि दुसरी?

हरिहर : तिच्यावर कल्याणच्या एका सुईणबाईंचं आत्मचरित्र बसलंय. थांबा, उठवतो त्यांना. पण खुर्च्या कशाला हव्यात? पाच माणसांना एक बाकडं पुष्कळ झालं.

मुकुल : आज थोडे जास्त आलेत. काका, एक बोलू? माझ्यावर राग धरू नका. मी काही पुस्तकांचा दुश्मन नाही. पण प्रॅक्टिकली बघा. अभ्यासिकेला केवढी वेटिंग लिस्ट आहे! त्या सीट्सच्या पैशावर वाचनालय चालतं. हिचा पगारही त्यातूनच होतो. आणि ह्या खोलीतलं एकही पुस्तक वर्षभरात इश्यू झालेलं नाही. रेकॉर्ड बघा.

हरिहर : ह्या खोलीतलं पुस्तक घरी देतच नाहीत, मुकुलराव. एकेकच प्रत आहे. इथेच बसून वाचायचं असा नियम आहे. रेकॉर्डला येणार कुठून?

मुकुल : ठीक आहे. मग इथे बसून वाचतं कोण?

संचिता : सर, ते...

मुकुल : तू थांब. काका, तुम्हीच सांगा. तुम्ही रोज येता. तुमच्याशिवाय कोणी वाचताना पाहिलंय तुम्ही इथे?

हरिहर : ...न्या खुर्च्या. माझीही न्या. मी खोक्यावर बसतो.

संचिता : हे फार झालं सर.

मुकुल : मला पण बरं नाही वाटत गं. पण कोणीतरी विचारायला हवं ना? चल, तू सहीच्या वहीपाशी ये, तिकडे लाइन लागलीय.

हरिहर : जा, जा. जाताना दार लोटून घे. मला त्यांचा चहा पितानाचा आवाज नको.

संचिता : (थोड्या वेळाने धावत परत येत) काका! काका, उठा! गणसंख्या झाली!

हरिहर : काय झाली?

संचिता : झाली पूर्ण! वर माणसं उरली! सर वही हातात घेऊन नुसते उभे आहेत. त्यांच्याकडे तहकुबीचंच भाषण तयार होतं ना. आता अध्यक्ष विचारतायत, सभा सुरू कशी करतात? कोणालाच आठवत नाहीये! पोरं जिन्यावर बसलीयत.

हरिहर : पोरं? कुठली पोरं?

संचिता : अभ्यासिकेतली. जवळजवळ सगळी आलेली आहेत.

हरिहर : त्यांना कुठलं मत?

संचिता : सरांनीच नियम केलेला ना, अभ्यासिकेत सीट पाहिजे तर आधी वाचनालयाचं सभासद व्हा. सभासद वाढले की अनुदानाच्या वेळी बरं दिसतं. मग सभासद म्हटल्यावर मत आलंच.

हरिहर : वा. म्हणजे माझी खोली ज्यांना द्यायची, तेच हात वर करायला आले. घरचा मांडव घालून बोलावलंय त्यांना. ह्या मुलांनी कधी पुस्तक धरलंय हातात? नोट्स वाचतात. एसीला आणि चार्जिंगला येतात. दे, ती सुतळी दे आता.

संचिता : काका, ते फोरमनचं पुस्तक कुठल्या खोक्यात गेलं?

हरिहर : कुठल्या फोरमनचं?

संचिता : भुताचं हो. ठाकुर्लीच्या वीजघरातला फोरमन, रात्रपाळीत दिसलेली भुतं. स्वखर्चाने छापलेलं.

हरिहर : ह्या उजव्या खोक्यात, तळाशी. का?

संचिता : श्रियाला सभेत दाखवायचंय.

हरिहर : कोण श्रिया?

संचिता : सी.ए. फायनलवाली. खिडकीजवळ बसते.

हरिहर : थांब. हात लावू नकोस. ते पुस्तक जगात आहे हेच कोणाला ठाऊक नाही. त्याची नोंद फक्त माझ्या सूचीत आहे, आणि सूची छापलेली नाही. 'कोण वाचणार' म्हणून समितीने परत केली. मग त्या मुलीला कळलं कसं?

संचिता : ओरडणार नाही ना?

हरिहर : ते ऐकल्यावर ठरवीन.

संचिता : तुम्ही मला सूचीची एक प्रत दिलेली, स्पायरल बाइंडिंगवाली. कपाटात ठेव म्हणालेलात. मी ती कूलरजवळ ठेवली.

हरिहर : कूलरजवळ? पाण्याच्या?

संचिता : अभ्यासिकेत फोन बाहेर जमा करतात ना. पोरं सारखी पाणी प्यायला उठतात आणि हातात काहीच नसतं. आगीचं लाल सिलिंडर आहे तिकडे, त्याच्यावरच्या सूचना वाचत उभी असायची! मला कसंतरीच झालं. म्हटलं, वाचायला तर पाहिजे ह्यांना काहीतरी.

हरिहर : इतक्या वर्षांचं काम आणि तू ते पाण्याखाली ठेवलंस! भिजली असेल!

संचिता : भिजली ना. फाटली पण. परत झेरॉक्स काढली, ती पण फाटली. वाचून वाचून फाटली काका.

हरिहर : सूची? लेखक, मुद्रक, पृष्ठसंख्या, आकार... हे वाचलं त्यांनी?

संचिता : ते नाही हो. त्याच्याखाली तुम्ही बारीक टाइपात दोन ओळी लिहिता ना, त्या. फोरमनच्या पुस्तकाखाली काय लिहिलंय तुम्ही? 'लेखकाचा भुतांवर विश्वास नाही. मात्र तिसऱ्या प्रकरणानंतर तो डगमगलेला दिसतो.' पोरं लोळली हसून. आणि दुसऱ्या दिवशी श्रिया माझ्यासमोर हजर. 'ताई, तिसऱ्या प्रकरणात काय होतं?'

हरिहर : ...मग?

संचिता : मग मी तुमच्याकडे आले. 'काका, सूचीशी ताडून बघायचंय, जरा देता का?'

हरिहर : म्हणजे वर्षभर तू जी रोज ताडून बघत होतीस...

संचिता : हो.

हरिहर : आणि मी घरी बायकोला, सुमतीला, सांगत होतो, ह्या पिढीत एक तरी मुलगी काटेकोर निघाली!

संचिता : सॉरी काका. पण मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही दिली असती का पुस्तकं?

हरिहर : नसती दिली. मुळीच नसती दिली.

संचिता : बघा. मी टेबलावर ठेवायची, हात धुऊन वाचा म्हणायची आणि संध्याकाळी तुम्हाला परत. रेकॉर्डला कुठे दाखवणार? नियमच मोडलेला. ते खडवलीच्या वैद्यबुवांचं नदीतल्या माशांवरचं आहे ना, त्याच्यासाठी तर भांडणं झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आम्ही, भिशीसारख्या. ज्याची निघेल त्याने आज वाचायचं.

हरिहर : माशांसाठी चिठ्ठ्या!

संचिता : आणि तो प्रीतम, बँकेच्या परीक्षेवाला. आगरी आहे तो, आजी त्याची धवलारीण. लग्नात धवले गाते. तुमच्या सूचीत त्याला धवल्यांचं पुस्तक दिसलं. चार पानं वहीत उतरवून घरी नेली, आजीला वाचून दाखवली. आजी काय म्हणाली माहितीये? 'आरं, यान अर्धाच लिवलाय. बाकीचा माजे तोंडान हाय.'

हरिहर : अर्धंच! बरोबर आहे तिचं. शेवटची पानं गहाळ असावीत अशी मी शंका नोंदवलीय. संचिता, ह्या बाई राहतात कुठे? मला त्यांच्याकडे जायला हवं. उद्याच.

संचिता : जाऊ ना. आधी भूत द्या, तिकडे चर्चा सुरू झाली असेल.

हरिहर : हे घे. दोन्ही हातांनी धर, शिवण उसवलीय. आणि तिला म्हणावं, तिसऱ्या प्रकरणाचं पान उघडूनच दाखव.

संचिता : ऐकलंत? टाळ्या आहेत ह्या. आपल्या सभेत टाळ्या! मी पळते.

हरिहर : पळू नकोस, पुस्तक आहे हातात!

मुकुल : (काही वेळाने, संचिताबरोबर आत येत) काका, बसायला आहे का काही?

हरिहर : खोकं आहे. बसा. घाम पुसा. काय झालं?

मुकुल : ठराव मांडला मी. खोली रिकामी करून सीट वाढवणे. हात फक्त समितीचे वर. मला वाटलं, मुलांना कळलं नाही. परत समजावलं, मित्रांनो, ही सोय तुमच्यासाठीच आहे. तर ती मुलगी उठली.

संचिता : श्रिया. सर, मी सांगू? म्हणाली, 'सर, सीट आम्हाला पाहिजेतच. पण पुस्तकं काढून नको. कपाटांच्या मधे टेबलं टाका, आम्ही खेटून बसू. दिवसभर टॅक्स वाचून डोकं आउट होतं. मधे पाच मिनिटं आम्हाला फोरमनचं भूत लागतं.'

मुकुल : आणि मग तिने तिसरं प्रकरण वाचायला घेतलं. भर सभेत! अध्यक्ष म्हणाले थांबा, तर मागून सगळे ओरडले, थांबू नका. काका, मी स्वतः उभा राहून ऐकत होतो. विषय क्रमांक चार राहिला बाजूला.

हरिहर : पण निकाल काय लागला?

मुकुल : निकाल काय लागणार? मी पडलो. जोरदार पडलो. दुरुस्तीसह ठराव मंजूर. पुस्तकं इथेच राहणार. सूची वाचनालयाने छापायची. खर्चाचं काय विचारलं, तर पोरं म्हणाली, आम्ही वर्गणी काढतो, ती ओली झेरॉक्स आता पुरे.

संचिता : काका, ऐकताय ना? छापायची! तुमची सूची छापायची!

हरिहर : ऐकतोय गं. जरा थांब. चष्मा पुसू दे.

मुकुल : फक्त त्यांची एक अट आहे. ती मी तुमच्यावर सोडलीय. कपाटांना कुलूप नको, म्हणतात. आपल्या हाताने पुस्तक काढायचंय त्यांना.

हरिहर : कुलूप नको? ही काय रद्दी आहे? एकेक प्रत मी कुठून कुठून उचललीय! मुलं पानं मुडपतात, थुंकी लावून उलटतात...

मुकुल : नाही म्हणून सांगू का? तुमच्या शब्दाबाहेर नाही जाणार ती आज.

हरिहर : थांबा. मघाशी तुम्ही विचारलंत, इथे वाचतं कोण. मला उत्तर देता आलं नाही. फार लागलं मला ते, मुकुलराव. खोकी भरत होतो ती रागाने नाही, लाजेने. आणि आता उत्तर स्वतःच्या पायांनी आलंय, तर मी कुलूप धरून बसू? संचिता, ह्या किल्ल्या घे. सगळी कपाटं उघड. थुंकी लावू नका अशी एक पाटी मात्र लिहायची. मोठ्या अक्षरात.

संचिता : लिहिते काका. मोठ्ठ्या अक्षरात लिहिते.

मुकुल : खरं सांगू? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सभा घेतल्यासारखी वाटली. पडलो, पण मजा आली. ते भुताचं मला मिळेल का एक दिवस? शेवटी फोरमनचं काय होतं ते नाही कळलं.

संचिता : नंबर लावा सर. तुमच्या आधी पोरं आहेत.

मुकुल : मी कार्यवाह आहे गं!

संचिता : हो ना. म्हणून चिठ्ठीत नाव टाकते, नाहीतर ते पण नाही.

हरिहर : शिकवलंय बरं का मी हिला.

मुकुल : बरं, मी सभा संपल्याचं जाहीर करून येतो. चहाही वाढवून सांगायला हवा.

संचिता : कोणाला जाहीर करताय सर? हॉल रिकामा आहे.

मुकुल : गेले सगळे? चहा न घेताच?

संचिता : गेले कुठे? ह्या दाराबाहेर उभे आहेत. काकांना विचारतायत, आत येऊ का.

हरिहर : विचारायचं काय त्यात? या म्हणावं. आणि तो पंखा लाव गं संचिता, आज माणसं आहेत.