कम म्हणजे ये

ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. डॉक्टर आले, इंग्रजीत दोन वाक्यं बोलून गेले.

“काय म्हणाले गं? मला मेलीला ‘कम’ एवढंच कळलं. कम म्हणजे ये.”

“‘कम थ्रू’ म्हणाले, आई. बाबा त्यातून सुखरूप बाहेर आले.”

“आणि ते ‘राउंड’ पण म्हणाले ना? राउंडला कोण येणार?”

“कुणी नाही हो! ‘कम राउंड’ म्हणजे शुद्धीवर येणं. बाबा शुद्धीवर येतायत.”

“एवढ्याशा शब्दाचे इतके अर्थ?”

“अजून खूप आहेत.”

“ते घरी सांग. आत्ता हेच परत म्हण.”

“बाबा शुद्धीवर येतायत, आई.”

दार उघडून नर्स म्हणाली, “आजोबा विचारतायत, ती जेवली का?”

“जेवले म्हणावं.”

“आई, सकाळपासून पाणीसुद्धा नाही घेतलंत!”

“मग चल की, जेवू या.”