वायोमिंगची मोकळी हवा

लस टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवत. नेदरलंड्समधल्या हूफडॉर्पच्या त्या हॉलमध्ये शुभदाच्या पुढ्यात एक मराठी जोडपं बसलं होतं. खुर्च्यांत दीड मीटर अंतर, त्यामुळे बोलणं मोठ्यानं. चोरून ऐकू नये म्हणतात. शुभदानं मन लावून ऐकलं.

"योगिनी, वायोमिंग म्हणजे नुसतं आकाश गं! अमेरिकेत कंपनी घरही देतेय."

"आणि शेजारी?"

"आहेत ना. बारा मैलांवर."

"म्हणजे विरजण मागायला गाडी काढायची."

"मोकळं वाटेल. इथे लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत म्हणून कुरकुरतेस."

"तिथे कोण डोकावणार, प्रताप? गाई?"

"माणसांपेक्षा गाईच जास्त आहेत म्हणे."

"मग तुझे विनोद त्यांना सांग. माझ्या नोकरीचं काय?"

"डिपेंडंट व्हिसावर... लगेच नाही जमणार."

"म्हणजे कधी?"

"काही वर्षांनी."

"चार वर्षं घरात बसून डच शिकले. आत्ता कुठे पाळणाघरातली पोरं मला बाई म्हणून हाक मारतात."

"म्हणून तर विचारतोय."

"विचारतोयस, की होकार देऊन बसलायस?"

प्रताप मास्क नीट करू लागला.

"मास्क नीटच आहे. बोल."

"सोमवारी कळवलं. नुसतं कळवलंय गं."

"आज शुक्रवार. म्हणजे चार दिवस तू घरात नव्हतासच, वायोमिंगला होतास."

योगिनीनं खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला भिडवली.

"काढ फोन. आता नाही म्हणून कळव. मी बघतेय."