पासवर्ड दोनदा मागितला

(बदलापूर, कात्रपमधल्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. लॅब सांभाळणाऱ्या मालिनी मॅडम आणि शेवटच्या वर्षाची पायल.)

मालिनी: मेल सोमवारी तुझ्याच आयडीवरून गेलाय, पायल. ‘मला नोकरी नको, इंटरव्ह्यूला येणार नाही.’ अंबरनाथच्या कंपनीने यादीतून तुझं नाव काढलंसुद्धा.

पायल: मी कशाला नाही म्हणेन, मॅडम? बाबांनी अख्ख्या वांगणीला सांगून ठेवलंय. आईशप्पथ, मी नाही पाठवला.

मालिनी: पासवर्ड कोणाला दिला होतास?

पायल: कोणालाच नाही ओ. इथे लॅबमध्येच टाकते, बस्स.

मालिनी: सोमवारी लॉगिन करताना काही वेगळं झालं? नीट आठव.

पायल: वेगळं असं... पासवर्ड टाकला तर चुकीचा दाखवला. मग स्क्रीन एकदम काळी झाली, आणि परत तेच पान. दुसऱ्यांदा घेतला बरोबर. मला वाटलं, माझंच बोट चुकलं.

मालिनी: बोट नाही चुकलं. पहिलं पान आपलं नव्हतंच.

पायल: काय बोलता! सेम होतं, कॉलेजचा लोगोपण.

मालिनी: दिसायला सेम कोणीही बनवेल. स्वतःच्या नावाने लॉगिन करायचं, असा प्रोग्राम चालू ठेवायचा आणि उठून जायचं. पुढचा माणूस पासवर्ड टाकतो, प्रोग्राम तो साठवतो आणि लॉगआऊट होतो. मग खरं पान येतं. तुझा मेलही त्याच पासवर्डने उघडतो ना?

पायल: हो... मग ओळखायचं कसं?

मालिनी: नुसतं बघून नाही कळत. बसल्याबसल्या कंट्रोल, अल्ट, डिलीट एकदम दाबायचं. ते थेट विंडोजकडे जातं, असल्या प्रोग्रामला मध्ये अडवता येत नाही. सोंग तिथेच उघडं पडतं. उद्यापासून ते दाबल्याशिवाय एकही मशीन पासवर्ड मागणार नाही.

पायल: पण माझा इंटरव्ह्यू?

मालिनी: कंपनीशी बोललेय मी. कॉलेजने लेखी दिलं, तर गुरुवारी तुला बोलावतील. देते मी. पण सोमवारी त्या मशीनवर तुझ्या आधी कोण होतं?

पायल: ते नका विचारू ना, मॅडम.

मालिनी: लॉगिनची नोंद मला मिळेलच, पायल.

पायल: उन्नती. लॅब फुल्ल होती, तिने माझ्यासाठी जागा धरलेली.

मालिनी: तुझं नाव निघाल्यावर कंपनीच्या यादीत तिचंच लागलंय.

पायल: ती खाली कँटीनमध्ये बसलीय, मॅडम. माझ्यासाठी चहा सांगून.