हातचा कोपराने द्यायचा

अध्यक्षपदी बसलेल्या माजी मुख्याध्यापिका, संस्थेचे चिटणीस, शिक्षक मंडळी, पालक, मागच्या रांगेत कुजबुजणारी मुलं (हो, तुम्हीच, मला लांबचं चष्म्याशिवाय उत्तम दिसतं) आणि आज जिचा निरोप समारंभ आहे ती माझी धाकटी बहीण, सर्वांना नमस्कार.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. याच शाळेत मी गणित शिकवलं, मी निवृत्त झाल्यावर माझा वर्ग हिने घेतला, त्यामुळे दोन शब्दांत भागणार नाही हे बोलावणाऱ्यांना ठाऊक असायला हवं होतं.

आधी एक भांडण उरकून घेते. चिटणीससाहेब, आपण आत्ता म्हणालात की बाईंनी मुलांना झटपट गणिताच्या ‘ट्रिक्स’ शिकवल्या. साहेब, ट्रिक जादूगार करतो. टोपीतून ससा काढतो आणि ससा कुठून आला ते सांगत नाही. माझी बहीण आधी ससा कुठून येतो ते सांगायची. पासष्टचा वर्ग हवा? सहाला त्याच्या पुढच्या साताने गुणा, बेचाळीस; पुढे पंचवीस लिहा. चार हजार दोनशे पंचवीस. पण असं का होतं, हे फळ्यावर चौकोन काढून स्वतः दाखवल्याशिवाय तिने एकाही मुलाला ही रीत वापरू दिली नाही. याला ट्रिक म्हणत नाहीत, याला समज म्हणतात. आणि तिच्या जागी आता तुम्ही काय आणताय? संगणकाचा पडदा! प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातल्या एकावर बोट ठेवायचं. उत्तर आधीच समोर बसलेलं असेल तर पोरांनी डोकं कशासाठी आणायचं? टोपी घालायला?

टाळ्या नकोत. मी रागावलेली आहे.

ही रीत आम्ही दोघी शिकलो ती कॉन्व्हेंटमध्ये, एका उंच सिस्टरकडून. त्या इतक्या उंच होत्या की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातलं गणित फक्त त्यांनाच पुसता यायचं. तिथे शाळाशाळांची मनातल्या गणिताची स्पर्धा असायची, तिचे नियम कडक. कच्चं काम करायचं नाही, लिहिलेलं खोडायचं नाही, एका आकड्यावर दुसरा गिरवायचा नाही. सगळं डोक्यात, आणि कागदावर फक्त उत्तर. आमच्या सिस्टरनी त्यात जोडीची फेरी काढली होती. फळ्याच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे एक मुलगी, उजवीकडे दुसरी. प्रश्न एकदाच वाचला जाणार. उत्तराचा डावा भाग डावीने लिहायचा, उजवा उजवीने. बोलायचं नाही.

आता मुलांनो, ऐका. सत्त्याण्णव गुणिले शहाण्णव. शंभराला एक तीनने कमी, दुसरा चारने. सत्त्याण्णवातून चार काढले, त्र्याण्णव. ते मी डावीकडे लिहायची. तीन चोक बारा. ते उजवीकडे ही लिहायची. नऊ हजार तीनशे बारा. खडू ठेवला, संपलं. पण उजवीकडचा गुणाकार शंभराच्या वर गेला तर? मग हातचा डावीकडे यायला हवा. आणि बोलायला तर बंदी! म्हणून आमच्यात ठरलेलं होतं, हातचा कोपराने द्यायचा. माझ्या फ्रॉकला तिचं डावं कोपर लागलं की एक वाढवायचा.

शेवटच्या फेरीत प्रश्न आला, अठ्ठ्याऐंशी गुणिले सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशीतून तेरा गेले, पंच्याहत्तर. मी लिहून मोकळी झाले. हिच्याकडे बारा गुणिले तेरा, शंभराच्या वर; पण कोपर लागलं ते त्यानंतर. खोडायचं नाही, गिरवायचं नाही. फळ्यावर पंच्याहत्तर तसाच, आणि ढाल दुसऱ्या शाळेला.

घरी जाताना रस्ताभर मी हिला बोलत होते, ‘कोपर उशिरा आलं.’

ही म्हणे, ‘वेळेवर होतं, ताई. तू थांबतेस कुठे?’

‘मी का थांबू? तूच भराभर गुण ना!’

‘मी इतकी लहान आहे, बारा-तेराचे पाढे पाठ नाहीत अजून माझे!’

हे भांडण आजतागायत मिटलेलं नाही. अध्यक्षबाई, आपण हसताय, पण परवा भाजी चिरतानासुद्धा ते झालं.

तर सांगायचं काय, ते कोपर आमच्या अंगवळणी पडलं. मी लग्न केलं नाही. हिने केलं, आणि मेहुणे गेल्यावर मुलाला घेऊन माझ्याकडे राहायला आली. घरात पाहुणे असले आणि मी नको ते बोलायला लागले की टेबलाखालून कोपर. दवाखान्यात डॉक्टरांशी हुज्जत घालायला लागले की कोपर. मला काही वाढवायचं किंवा आवरायचं असेल तर ते मला असं कळतं. शब्दांनी सांगितलेलं मला फारसं कळत नाही, असं ही म्हणते.

आता हिच्या निवृत्तीनंतरचा सगळा बेत मी आखून ठेवला होता. पुढच्या खोलीतलं कपाट हलवलं. भिंतीवर फळा बसवून घेतला, खरा, लाकडी चौकटीचा. सुतार विचारत होता, ‘मावशी, मधोमध रेघ कशाला मारू?’ मी म्हटलं, ‘तू मार. शहाणपणा नको.’ गल्लीतली मुलं जमवायची आणि दोघींनी मिळून शिकवायचं. मी डावीकडे, ही उजवीकडे. हिला विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात?

आणि एका दुपारी भाच्याचा फोन आला. लांबून, समुद्रापलीकडून. ‘मावशी, आईच्या गुडघ्यांना इथली थंडी सोसेल ना गं? की मी खालच्या मजल्यावरचं घर बघू?’

मी विचारलं, ‘कुठली थंडी? आई कुठे चालली आहे?’

‘आईने सांगितलं नाही तुला?’

नव्हतं सांगितलं. विचारलं तर म्हणाली, ‘सांगणारच होते, ताई. तो फळा भिंतीवर बघितला आणि तोंडच उघडेना.’ म्हणजे पुन्हा तेच! मी माझी बाजू लिहून मोकळी, आणि कोपर नंतर.

मी विचारलं, ‘परत कधी?’

‘बघू. साधारण...’

साधारण! आमच्या त्या स्पर्धेत दर दहावा प्रश्न ताऱ्याचा असायचा, त्यात अंदाजे उत्तर चालायचं, थोडं इकडेतिकडे झालं तरी गुण मिळायचे. हिला ताऱ्याचे प्रश्न फार आवडायचे. मला कधीच आवडले नाहीत. माणूस परत कधी येणार, याचं उत्तर अंदाजे कसं चालेल?

नातवंडं आहेत तिथे. मुलगा एकटा पडतो. मला सगळं समजतं, मी काही अडाणी नाही. पण रविवारी ही विमानात बसेल आणि सोमवारी सकाळी मी चहाचा दुसरा कप काढेन, कारण हाताला कोणी सांगितलेलं नसणार. फळ्यासमोर मी डावीकडे उभी राहीन. गल्लीतली मुलं येतील, त्यांना मी शिकवीन, ते सोडणार नाही. पण रेघेच्या पलीकडे कोणाला उभं करू? मुलं हुशार असतात हो, गुणाकार करतील. कोपर कोण मारणार?

ए, इकडे ये. अशी लाजू नकोस, निवृत्त झालीस आता. गुच्छ ठेव खुर्चीवर. माझ्या उजव्या हाताला उभी राहा. तो माईक जरा मागे घ्या कोणीतरी. हं.

मुलांनो, प्रश्न एकदाच वाचणार आहे. अठ्ठ्याऐंशी गुणिले सत्त्याऐंशी.

मी थांबले आहे.

मागच्या रांगेने उत्तर सांगायचं नाही. हे उत्तर आमचं आहे.

मी अजून थांबले आहे, बाई. तू सावकाश गुण.

लागलं. लागलं कोपर. शहात्तर. पुढचं तू बोल, मोठ्याने, माईकमध्ये.

छप्पन्न, म्हणतेय ही. ऐकलंत ना सगळ्यांनी? सात हजार सहाशे छप्पन्न. बरोबर आहे. सिस्टर असत्या तर त्यांनीही मान्य केलं असतं.

परत येऊन अशी माझ्या बाजूला कधी उभी राहशील? नाही, उत्तर देऊ नकोस. तो ताऱ्याचा प्रश्न आहे, तुझ्या आवडीचा. अंदाजे सांगितलंस तरी मी गुण देईन.

आपण सर्वांनी माझ्या बहिणीवर इतकी वर्षं माया केलीत, आणि आज मला बोलू दिलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. चिटणीससाहेब, आपल्याला जे बोलले ते रागाने बोलले, पण खोटं नाही बोलले. बाकी कोणाला माझं काही लागलं असेल, कुठे जास्त किंवा कमी झालं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. खोडून मात्र देणार नाही. आमच्यात खोडायची पद्धत नाही.

चल गं, उतरू या. पायरीला कठडा नाही. हात दे.